काळे पाणी म्हणजे सेल्युलर जेल नव्हे

‘आमचे खापरपणजोबा काळ्या पाण्यावर होते, म्हणजे सेल्युलर जेलमध्येच.’ यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत, घराण्याची वंशावळ जुळवणारे हे इतक्या ठामपणे सांगतात की आता तितक्याच ठामपणे सांगायला हवे: आधी साल बघा. अंदमानात कैद्यांची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली. सेल्युलर जेलचे बांधकाम सुरू झाले १८९६ मध्ये आणि पुरे झाले १९०६ मध्ये. १८७० साली गेलेल्या माणसाला त्या जेलची कोठडी कुठून मिळणार? तो जंगल तोडत होता, रस्ते बांधत होता. वर्तन चांगले ठरले तर काही वर्षांनी जमीन कसायची, लग्न करायचीही मुभा मिळे. तिथेच संसार मांडलेल्यांचे वंशज आजही ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखले जातात. जेलमधल्या पाट्यांवर नावे आहेत ती राजकीय कैद्यांची. तिथे नाव नाही म्हणून घरातली आठवण खोटी ठरवणे हा त्या माणसावर अन्यायच आहे.

उलटेही घडते. निकालात काळ्या पाण्याची शिक्षा आहे, पण माणूस अंदमानला गेलाच नाही! वसाहत बंद करायचा निर्णय १९२१ मध्ये झाला. शिक्षेचे नाव मात्र कायद्यात १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत टिकले. मधल्या काळात अनेकांनी ती देशातल्याच तुरुंगांत भोगली.

‘जुन्या दप्तरात यवतमाळच्या नावाने शोधले, काहीच नाही.’ कसे असेल? १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्या नावाने, इंग्रजी दप्तरात ‘वून’ म्हणून नोंदला जाई. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. शिवाय १९०३ पर्यंत या जिल्ह्यासह वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता, नागपूरकडे नव्हे. त्या काळासाठी राष्ट्रीय अभिलेखागारातले हैदराबाद रेसिडेन्सीचे दप्तर बघावे लागते.

काळ्या पाण्यावर गेलेला प्रत्येक जण क्रांतिकारक? नाही; खून-दरोड्यात शिक्षा झालेलेच जास्त. हद्दपारी म्हणजे अंदमानच? वासुदेव बळवंत फडक्यांना एडनला नेले, टिळकांना मंडालेला. गेलेला परत येतच नसे? बरेच जण सुटून आले.

म्हणून सुरुवात पोर्ट ब्लेअरपासून नको, तहसीलमधल्या कोतवाल बुकापासून, म्हणजे गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीपासून करा. गावात मृत्यूची नोंद सापडली, तर माणूस परतला होता. आणि खटला खुनाचा निघाला तरी वंशावळीत तो तसाच लिहा.