चमच्याने खायचे चॉकलेट

माझी धाकटी नणंद शिक्षणासाठी इटलीतल्या तुरीन शहरात आहे. तिने एकदा फोनवर एका कपाचा फोटो पाठवला होता. आत काळसर, चकचकीत, खिरीपेक्षाही दाट असे काहीतरी आणि त्यात बुडवलेला चमचा. तिथे याला ‘चोक्कोलाता काल्दा’ म्हणतात, म्हणजे गरम चॉकलेट. घन चॉकलेट ते ‘चोक्कोलातो’ आणि पेय ते ‘चोक्कोलाता’, एवढाच शेवटच्या अक्षराचा फरक.

हिवाळ्याच्या सुट्टीत ती घरी येणार होती. म्हटले, त्याआधीच आपण करून तिला चकित करू. दाट हवे म्हणजे दूध आटवायला हवे, असा माझा साधा हिशेब. लिटरभर म्हशीचे दूध सायीसकट आटवले आणि बेकरीचे सामान मिळते त्या दुकानातून आणलेली अख्खी लादी त्यात विरघळवली. वर तुपासारखा तवंग आला, खाली नुसतेच गोड दूध आणि टाळूला मेणचट थर. मुलांनी दोन घोटांत कप खाली ठेवले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. पण वाया गेलेल्या दुधाकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिले, त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

नणंद आली आणि तिने आधी त्या लादीचे वेष्टन वाचायला लावले. त्यावर ‘कंपाउंड’ असे लिहिले होते. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते. केकवर ओतायला ते सोयीचे, पण खरे चॉकलेट जिभेवर ज्या सहजतेने वितळते, तसे ते वितळत नाही. घटकांच्या यादीत ‘कोको बटर’ हवे आणि वनस्पती तेल किंवा चरबी नको, एवढे पाहिले तरी निम्मे काम झाले. दुसरी चूक माझ्या हिशेबात होती. हा दाटपणा सायीचा नसतोच, तो असतो कॉर्नफ्लोअरचा! दुकानात मिळणारे पांढरेशुभ्र, बोटांत कुरकुरणारे कॉर्नफ्लोअर. भाकरीचे पिवळे मक्याचे पीठ नव्हे.

पाच छोट्या कपांसाठी अर्धा लिटर गाईचे दूध लागते. म्हशीचेच असेल तर चारशे मिली दूध आणि शंभर मिली पाणी घ्यावे. त्याबरोबर 30 ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, 40 ग्रॅम साखर, दोन सपाट टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, 100 ग्रॅम डार्क चॉकलेट (60 ते 70 टक्के कोकोचे) आणि चिमूटभर मीठ. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’चा डबा कोकोच्या जागी चालत नाही, कारण त्यात बहुतेक साखरच असते. इटलीत काहीजण यात रम घालतात आणि काही परदेशी चॉकलेटांच्या आत मद्याचे सारण असते. म्हणून वेष्टन त्यासाठीही वाचावेच.

कोको, साखर, कॉर्नफ्लोअर आणि मीठ कोरडेच चाळून एकत्र करा. त्यात थोडे गार दूध घालून गुठळी न राहता लापशीसारखे कालवा. कोरडी पूड थेट गरम दुधात टाकली, तर गुठळ्या होतात आणि मग कितीही घोटा, त्या मोडत नाहीत. उरलेले दूध वाफा येईपर्यंत तापवा, ते थोडे थोडे या मिश्रणात ओता आणि सगळे परत पातेल्यात घालून मंद आचेवर ढवळत राहा.

पाच-सहा मिनिटे काहीच होत नाही. इथे धीर सुटतो आणि आपण आणखी कॉर्नफ्लोअर घालून बसतो. तसे करू नका. पिठाचे कण गरम दुधात पाणी शोषून फुगायला वेळ घेतात. फुगले की दाटपणा एकदम येतो. बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी मिनिटभर ढवळा, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. मग गॅस बंद करून बारीक चिरलेले चॉकलेट घाला.

ढवळण्याच्या त्या मिनिटांत नणंदेने तिथल्या गोष्टी सांगितल्या. तुरीनमध्ये 1763 पासूनचे एक कॅफे आहे. तिथे ‘बिचेरिन’ मिळते. कॉफी, चॉकलेट आणि साय यांचे थर काचेच्या पेल्यात, न ढवळता प्यायचे. फ्लॉरेन्सच्या दरबारातले वैद्य फ्रांचेस्को रेदी यांनी सतराव्या शतकात कोको आणि चमेलीच्या ताज्या फुलांचे थर एकावर एक रचून सुगंधी चॉकलेट तयार केले आणि ती कृती जपून ठेवली. आपल्याकडे तीळ आणि फुलांचे थर रचून फुलेल काढतात, त्याच जातीची ही युक्ती! अम्मींना मात्र दुसरी गोष्ट आवडली. 1664 मध्ये ब्रांकाच्चो नावाच्या कार्डिनलने चॉकलेट पिण्याने चर्चचा उपास मोडतो का, यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला आणि ‘पेय असल्याने मोडत नाही’ असा निकाल दिला. रोज्यात पाण्याचा घोटही चालत नाही, त्यामुळे अम्मी खूप हसल्या.

मग त्यांनी उलथने माझ्या हातातून घेतले. “अगं, ही तर फिरनीच. तळ खरवडत फिरव, नुसती मधे गोल फिरवू नकोस.” तांदूळ वाटून फिरनी करणाऱ्या बाईला हे कुणी शिकवायची गरजच नव्हती. मीच उगाच साय आटवत बसले होते.

उलथन्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती टिकली, की झाले. दोन मिनिटे तसेच ठेवले की आणखी दाटते. फार घट्ट झाले तर चमचाभर गरम दूध घाला.

अब्बांना मधुमेह आहे. साखर कमी केली तरी दूध, कॉर्नफ्लोअर आणि चॉकलेट यांतूनही साखर वाढतेच, त्यामुळे त्यांना ‘बिनसाखरेचे’ म्हणून भरला कप देणे म्हणजे त्यांची फसवणूक. आम्ही त्यांच्यासाठी कहव्याची छोटी पेली काढली आणि ती अर्धीच भरली. त्यांनी ती चमच्याने, अर्धा तास पुरवून खाल्ली.

रमजान आता सरकत सरकत थंडीत येऊ लागला आहे. तरावीहनंतर मुलांना काहीतरी गरम हवे असते, तेव्हा हेच करायचे असे ठरले आहे. त्या रात्री एक कप उरला होता. तो फ्रिजमध्ये सकाळपर्यंत पुडिंगसारखा घट्ट झाला आणि मुले उठायच्या आत अम्मींनी तो नानखटाईबरोबर संपवला.