हत्यारांची निगा – ७ : डुगडुगणारी वाटी

एअरब्रश चालता चालता मध्येच थुंकायला लागतो. एकसारखी येणारी रेघ तुटते, रंगाचे दोन-चार जाड थेंब उडतात आणि पुन्हा काही काळ सगळं सुरळीत चालतं. अशा वेळी बहुतेक हौशी मंडळी आधी रंग पातळ करून पाहतात, मग कॉम्प्रेसरचा दाब वाढवतात आणि शेवटी सुई बाहेर काढून पुसतात. रंगाच्या वाटीकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण ती जागच्या जागी दिसत असते. बोटाने हलवून पाहिली तर मात्र ती किंचित डुगडुगते. दुखणं पुष्कळदा तिथेच असतं.

मागच्या भागात सुईच्या वाकलेल्या टोकाची गोष्ट झाली. सुई वाकली की डोळ्यांना दिसते, निदान नखाला तरी लागते. वाटीच्या सांध्याचं तसं नाही. तो झाकलेला असतो आणि प्रत्येक बनावटीत वेगळा असतो. काही वाट्या नुसत्या दाबून बसवायच्या असतात, काही आट्यांवर फिरवून घट्ट करायच्या, तर काही कारखान्यातूनच दांड्याला कायमच्या जोडून आलेल्या असतात. ‘वाटी सैल झाली’ ही तक्रार तिन्हींची असली तरी तिघींवरचा इलाज वेगळा आहे. नुकसान होतं ते एकीचं औषध दुसरीला दिल्याने. दाबून बसणाऱ्या वाटीला अराल्डाइट फासून टाकलेले कितीतरी चांगले ब्रश पुढे साफ करता येत नाहीत म्हणून अडगळीत गेले आहेत.

दाबून बसवायच्या वाटीचा सगळ्यात परिचित नमुना शिकागोच्या ‘पाशे एच’ या ब्रशवर पाहायला मिळतो. नॉर्वेत जन्मलेल्या येन्स पाशे यांनी १९०४ मध्ये शिकागोत ही कंपनी काढली. एअरब्रश त्याआधीच अमेरिकेत जन्माला आला होता. फ्रान्सिस स्टॅन्ली यांनी १८७६ मध्ये रंग फवारण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे वाफेवर चालणाऱ्या मोटारींमुळे ज्यांचं नाव झालं, त्या जुळ्या स्टॅन्ली बंधूंपैकी हे एक. १८७९ मध्ये आयोवातल्या ॲब्नर पीलर यांनी आपलं यंत्र तयार केलं आणि १८९३ मध्ये चार्ल्स बर्डिक यांनी रंग व हवा ब्रशच्या आतच एकत्र येईल अशी रचना केली. सुरुवातीच्या काळात या यंत्राचा मोठा उपयोग फोटो सुधारण्यासाठी, मोठ्या केलेल्या फोटोंवर छटा भरण्यासाठी होई. विमानांची आणि रणगाड्यांची छोटी मॉडेल्स रंगवणारे हौशी लोक त्याच्याकडे फार नंतर वळले.

‘एच’ मध्ये रंग आणि हवा ब्रशच्या बाहेर, अगदी तोंडाशी भेटतात. रंगाच्या टोकावरून हवेचा झोत वेगाने जातो आणि तिथला दाब भोवतालच्या हवेपेक्षा कमी होतो. वाटीतल्या रंगावर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. त्या फरकापायी रंग वाटीच्या नळीतून वर चढतो. रंगाला वर नेणारी ही ओढ फार जोरकस नसते. नळी खोबणीत सैल बसली असेल तर त्या फटीतून हवा आत शिरते, कारण घट्ट रंग वर ओढण्यापेक्षा पातळ हवा आत ओढणं कितीतरी सोपं. मग टोकाशी कधी रंग पोचतो, कधी हवेचा बुडबुडा. ब्रश थुंकतो तो याच बुडबुड्यांमुळे. इथे कॉम्प्रेसरचा दाब वाढवून काही साधत नाही. ओढ वाढते तशी फटीतून शिरणारी हवाही वाढते, आणि फवारा तेवढा खरखरीत होतो.

गंमत अशी की या सांध्यात ना आटा असतो, ना वायसर, ना रबराची कडी. तरीही चांगल्या स्थितीतली वाटी उलटी धरली तरी पडत नाही. ती धरून ठेवते ती निमुळती नळी. इंजेक्शनच्या सिरिंजवर सुई दाबून बसवतात तिथे हेच तत्त्व आहे. सिरिंजचं तोंड दर १०० मिलिमीटर लांबीला ६ मिलिमीटर इतक्या बेताने निमुळतं होत जातं. सुईच्या प्लॅस्टिकच्या बुडाचा आतला भागही त्याच बेताचा असतो. दोन्ही पृष्ठभाग सगळीकडून एकमेकांना टेकतात आणि घर्षणानेच पक्के बसतात. पूर्ण टेकले तरच, हे महत्त्वाचं. मध्ये वाळलेल्या रंगाचा एक पापुद्रा जरी आला, तरी नळी एका कडेला टेकते, दुसरीकडे फट राहते आणि वाटी डुगडुगते. म्हणून दाबून बसणारी वाटी सैल होण्यामागे धातूची झीज बहुधा नसतेच, तिथे असतो तो मळ.

तो कुठे साचला आहे हे पाहण्याची एक युक्ती यंत्रं जुळवणारे फिटर पूर्वीपासून वापरत आले आहेत. घरी ती साध्या मार्करने करता येते. वाटीच्या नळीवर वरपासून खालपर्यंत मार्करच्या तीन-चार उभ्या रेघा ओढायच्या. शाई वाळली की नळी कोरडीच खोबणीत घालायची, थोडा दाब देऊन पाव फेरा फिरवायची आणि सरळ बाहेर काढायची. जिथे धातू धातूला घासला तिथली शाई पुसलेली दिसते. प्रत्येक रेघ बऱ्याच लांबीपर्यंत पुसली गेली असेल तर सांधा निरोगी आहे. फक्त वरच्या काठाशी एक बारीक पट्टा पुसला गेला असेल, किंवा एकाच बाजूची शाई गेली असेल, तर आत काहीतरी आड येतं आहे.

मग साफसफाई. ॲक्रिलिक रंग असेल तर त्याचाच क्लीनर, इनॅमल किंवा लॅकर असेल तर थिनर. कापसाची काडी थिनरमध्ये बुडवून खोबणीत फिरवली की पहिल्या फेरीला ती बहुधा रंग घेऊनच बाहेर येते. पण जुना थर कापसाला दाद देत नाही. त्यासाठी टूथपिकचं टोक थिनरमध्ये भिजवून खोबणीच्या भिंतीवरून हळूहळू फिरवावं. लाकूड पितळेहून मऊ, म्हणून चरा उठत नाही. पिन, करकटक किंवा कटरचं पातं इथे अजिबात वापरू नये. त्याने पडलेला ओरखडा म्हणजे हवेला कायमची वाट. थोड्या वेळाने रंगाची एक अख्खी कडी सुटून येते, पातळ, ठिसूळ, एखाद्या मासळीच्या खवल्याएवढी. तिच्याखालचं पितळ चकचकीत पिवळं दिसतं. एवढं झालं की पुष्कळ वाट्या आणखी काही न करता घट्ट बसतात. बसवताना सरळ दाबायचं आणि शेवटी किंचित फिरवायचं, काढतानाही आधी फिरवायचं. डावीकडे-उजवीकडे हलवत उपसून काढण्याची सवय खोबणीचं तोंड लंबगोल करते, आणि खरी झीज सुरू होते ती तिथून.

साफ करूनही किंचित ढिलाई उरली तर मधमाशांचं मेण लावावं. नळीवर मेणाचा तुकडा एकदा फिरवून बोटाने पुसून घेतला की उरतो तो थर पुरेसा असतो. जाड गोळा लागला तर तो आत सरकून रंगाची वाट अडवतो. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, पण पस्तिशीच्या आसपास मऊ पडतं. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात हा इलाज थोडा घसरडा होतो. थिनरनेही मेण हळूहळू सुटतं, म्हणून प्रत्येक मोठ्या सफाईनंतर पुन्हा लावावं लागतं. नळावर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेपही लोक वापरतात. ती आट्यांसाठी उत्तम, पण निमुळत्या नळीवर तिची सुरकुती पडली की मेणापेक्षा वाईट परिणाम होतो. अगदी अडलंच तर एकच वेढा द्यावा आणि नळीच्या तोंडापासून टेप थोडी मागेच ठेवावी.

खोबणी खरोखरच झिजली असेल तर काही जुने जाणकार नळीचं तोंड आतून निमुळत्या पंचने हलकेच ठोकून किंचित फुलवतात. उपाय खरा आहे, पण पितळी नळीची भिंत पातळ असते. एक टोला जास्त बसला तर तिला चीर जाते, नाहीतर फुगलेली नळी खोबणीलाच ताणून ठेवते. वाटी हा बदलता येणारा भाग आहे, ब्रशचा दांडा नाही. म्हणून हातोडी उचलण्याआधी नवी वाटी बसवून पाहणं शहाणपणाचं. नवी वाटी नीट बसली तर झीज जुन्या नळीत होती. तीही डुगडुगली तर दोष दांड्याकडच्या खोबणीत आहे, आणि मग नळी कितीही ठोकून उपयोग नाही.

वाटीऐवजी काचेची बाटली लावणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. भरलेली बाटली वाटीपेक्षा बरीच जड असते आणि सांध्याला सतत खाली ओढत राहते, म्हणून मोठं काम करताना तिला एका बोटाचा आधार द्यावा. दुसरं, बाटलीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. बाहेरची हवा तिथून रंगावर दाब देते. ते रंगाने बुजलं की रंग चढणं थांबतं आणि लक्षणं थेट सैल सांध्यासारखी दिसतात. सांधा उघडण्याआधी ते भोक पाहिलं तर पुष्कळ वेळ वाचतो.

आट्यांच्या वाट्यांचा स्वभाव वेगळा. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकच्या काही ब्रशवर २ मिलिलिटरची आणि ५ मिलिलिटरची वाटी कामाप्रमाणे बदलता येते. जपानी इवाताच्या ‘एचपी-एसबी प्लस’ ला वाटी बाजूला असते आणि ती डाव्या किंवा उजव्या कोणत्याही अंगाला लावता येते. अशा ठिकाणी सैलपणाचं कारण बहुतेक वेळा आट्यांत वाळलेला रंग असतो. वाटी शेवटच्या अर्ध्या फेऱ्याआधीच अडकते, घट्ट झाल्यासारखी वाटते, पण बुडाशी टेकलेली नसते. इथे पकडीने जोर लावणं सगळ्यात घातक. पितळेचे आटे बारीक असतात आणि एकदा तिरके चढले की कायमचे जातात. आटे थिनरने आणि मऊ ब्रशने साफ करावेत. वाटी आधी उलटी, म्हणजे सोडायच्या दिशेने फिरवावी. आटे एकमेकांत अलगद बसल्याचा बारीकसा ‘टक’ जाणवतो. तिथूनच घट्ट करायला सुरुवात करावी, आणि तेही बोटांनीच. बुडाशी सीलची कडी असेल तर ती चपटी झाली आहे का पाहावं. साध्या रबराची कडी लॅकर थिनरमध्ये फुगते, टेफ्लॉनची फुगत नाही. म्हणूनच अख्खा ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवणं टाळायला हवं.

पेण आणि हमरापूरच्या गणपती कारखान्यांत मूर्तींच्या अंगरंगासाठी हवेचा दाब वापरणारे मोठे गन असतात. त्यांच्या टाक्याही आट्यांच्याच. मोठी टाकी आणि नखाएवढी वाटी यांत आकाराचा फरक असला तरी आट्यात वाळलेला रंग दोन्हीकडे सारखाच त्रास देतो, आणि रंग ओला असतानाच पुसणं हाच दोन्हीकडचा सोपा इलाज.

उरली कायमची जोडलेली वाटी. इवाताच्या ‘एक्लिप्स एचपी-सीएस’ सारख्या वरून रंग भरायच्या ब्रशमध्ये वाटी दांड्याचाच भाग असते. ती डुगडुगली तर ब्रश जोरात पडलेला असतो किंवा स्वस्त नकलेतला जोड तडकलेला असतो. फेविक्विकने हा जोड टिकत नाही, कारण थिनरमधलं ॲसिटोन त्याला विरघळवतं. अराल्डाइटसारखा दोन ट्यूबचा इपॉक्सी बरा, पण तो सांध्याच्या बाहेरून लावावा, रंगाच्या वाटेत नाही, आणि पूर्ण पक्का व्हायला एक दिवस द्यावा. खरा जोड सोल्डरचा. त्याआधी सुई, नोझल, झडप आणि प्रत्येक सील बाहेर काढायला हवं. कथील-चांदीचं शिसंविरहित सोल्डर २२१ अंशांना वितळतं, आणि झडपेतलं साधं रबर त्याच्या कितीतरी आधी जळतं. शिवाय क्रोमवर सोल्डर धरत नाही. जोडाच्या जागेवरचा मुलामा खरवडून पितळ उघडं केल्याशिवाय कथील गोळा होऊन घरंगळतं. हे काम ज्याच्या हातात सोल्डरिंगची सवय आहे त्यानेच करावं.

एक फरक मात्र सगळ्यांनी ओळखायला हवा. रंग आणि हवा आतच मिसळणाऱ्या ब्रशमध्ये फवारताना वाटीतल्या रंगात बुडबुडे येत असतील, तर वाटीला हात लावू नये. तिथे हवा नोझलच्या बैठकीतून मागे येते आहे. वाटीचा सांधा गळत असेल तर वरून भरायच्या ब्रशमध्ये रंग बाहेर ओघळतो आणि खालून ओढणाऱ्या ब्रशमध्ये फवारा तुटतो. रंग आणि हवा आतच मिसळणाऱ्या ब्रशमध्ये तोंड बोटाने दाबून हवा उलटी सोडायची आणि वाटी धुवायची पद्धत आहे. दाबून बसवलेली वाटी त्या उलट्या हवेने सुटून उडू शकते, म्हणून धुताना ती हाताने धरून ठेवावी आणि दाब अगदी कमी ठेवावा.

दुरुस्तीनंतरची चाचणी पाण्यानेच करावी. वाटीत पाणी भरून सांध्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळायची आणि १५ ते २० पीएसआयवर जुन्या वर्तमानपत्रावर सलग रेघ मारत राहायचं. पट्टी कोरडी राहिली आणि ओली रेघ कुठेही तुटली नाही, तर सांधा धरला. वरून भरायच्या ब्रशमध्ये पट्टी कोरडी आहे पण रेघ तरीही तुटते, असं झालं तर नोझलच्या तोंडाला गेलेली केसाएवढी चीर शोधावी लागते. ती भिंगाशिवाय दिसत नाही. तिची तपासणी पुढच्या भागात.