आवडत्या सिनेमाबद्दल लिहायचं कसं? चाहत्याचं परीक्षण, वर्गात आणि घरात



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आठवीच्या वर्गाला मी 'माझे आवडते पुस्तक' या विषयावर दीड पान लिहून आणायला सांगितलं होतं. चाळीसेक वह्या जमल्या. निम्म्याहून अधिक वह्यांत 'श्यामची आई' आणि त्यातही वाक्यं जवळपास तीच. एका वहीत मात्र साडेतीन पानं भरलेली होती, आणि ती होती 'झपाटलेला' या सिनेमावर! ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, परिच्छेद नाहीत, विषय तर सोडूनच दिलेला. मी लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि खाली शेरा दिला, 'विषयाला सोडून लेखन. पुन्हा लिहा.'

दुसऱ्या दिवशी त्याने 'श्यामची आई'वर दहा ओळी आणल्या. शेजारच्याच्या वहीतून उतरवलेल्या आहेत हे दिसत होतं. त्या दहा ओळींना मी बरोबरची खूण केली.

हे आठवलं की आजही ओशाळल्यासारखं होतं. कारण रेघ मारलेल्या त्या पानांत एक वाक्य होतं, ते माझ्या डोक्यातून गेलंच नाही. त्याने लिहिलं होतं, 'बाहुला लहान आहे म्हणून जास्त भीती वाटते, कारण तो कपाटात पण लपू शकतो.' बघा, मत आहे, निरीक्षण आहे आणि कारणही आहे. आपण मुलांकडून याहून वेगळं काय मागतो? त्यानंतर मी चाहत्याने लिहिलेलं परीक्षण हा प्रकार वर्गात मुद्दाम घ्यायला लागलो. तो कसा घ्यावा, ते या लेखात सांगतो.

गोष्ट सांगणं म्हणजे परीक्षण नव्हे

मुलांना 'सिनेमाबद्दल लिहा' म्हटलं की ती गोष्ट सांगतात. 'मग तो येतो, मग मारामारी होते, मग...' सगळी पानं 'मग'ने भरतात. पण गोष्ट तर सिनेमा पाहिल्यावर कळतेच. परीक्षण वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : हे कशाबद्दल आहे, लिहिणाऱ्याला कसं वाटलं आणि तसं का वाटलं. पहिलीला तीन-चार ओळी पुरतात. दुसरीला एक वाक्यही चालेल. खरी जागा द्यायची ती 'का'ला.

वर्गात मी एक साधा नियम केला आहे. 'मस्त', 'भारी', 'बकवास', 'बोअर' हे शब्द वापरायला पूर्ण परवानगी. मात्र त्या शब्दानंतर 'कारण' आलंच पाहिजे, आणि त्या कारणात सिनेमातला एक तरी प्रसंग दाखवता आला पाहिजे. एवढ्या एका नियमाने निम्मं काम होतं.

चाहता परीक्षक चालतो का?

एका शिक्षिकाताईंनी मला विचारलं होतं, "सर, ज्याला आवडलंय तो तटस्थपणे कसं लिहिणार?" प्रश्न रास्त आहे. पण चाहत्याकडे जे असतं ते तटस्थ माणसाकडे नसतं. त्याने तो सिनेमा सात वेळा पाहिलेला असतो, त्यामुळे बारीकसारीक तपशील तोंडपाठ असतात. त्या लेखकाची आधीची पुस्तकं वाचलेली असतात, म्हणून यात नवीन काय आणि जुनंच काय ते त्याला ओळखता येतं.

उणी बाजूही आहे. चाहत्याला दोष दिसत नाहीत, दिसले तर राग येतो, आणि दुसऱ्याला आवडलं नाही तर तो भांडायला उठतो. म्हणून चाहत्याच्या परीक्षणात मी एक अट घालतो : आवडत्या कलाकृतीतला एक खरा दोष लिहायचाच. वरवरचा नको. 'अजून मोठा हवा होता' हा दोष धरला जाणार नाही!

प्रत्येक प्रकार एक शब्द देतो

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. भयकथा म्हणते, 'मी तुला घाबरवीन.' रहस्यकथा म्हणते, 'कोडं घालीन आणि ते प्रामाणिकपणे सोडवीन.' विज्ञानकथा म्हणते, 'एक कल्पना खरी मान, बाकीचं मी तर्काने उभं करीन.' विनोदी सिनेमा हसवण्याचा शब्द देतो. तो शब्द पाळला की नाही, हे आधी बघायचं. रहस्यकथेत गुन्हेगार शेवटच्या पानावर अचानक उगवला, तर तो वाचकाचा विश्वासघात झाला. पण 'त्यात निसर्गवर्णन नाही' ही तक्रार त्याच रहस्यकथेवर करणं अन्याय आहे.

आपल्याकडे या प्रकारांना बराच काळ दुय्यम मानलं गेलं. खरं तर मराठीत ही परंपरा मोठी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, काळा पहाड ही नावं घराघरांत पोचवली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी कित्येकांना रात्री दिवा चालू ठेवून झोपायला लावलं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि फुरसुंगीचा फास्टर फेणे आपल्याला दिला. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या प्रसिद्धीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये हा हेतू. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे २०२१ च्या नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. तेव्हा पोराच्या दप्तरात भुताखेताचं पुस्तक सापडलं तर घाबरू नका, वाचतोय ना!

लिहिण्याच्या पायऱ्या

१. पहिल्यांदा नुसतं बघा किंवा वाचा. वही-पेन बाजूला. आनंद आधी, अभ्यास नंतर.

२. दुसऱ्या दिवशी जे तीन क्षण आठवतात ते लिहून काढा. रात्र उलटल्यावरही जे आठवतं, त्यात काहीतरी असतं.

३. प्रत्येक क्षणाला 'का?' विचारा. मिळालेल्या उत्तरालाही 'का?' विचारा. 'भीती वाटली. का? अंधार होता. अंधार तर नेहमीच असतो, मग इथेच का? कारण आवाज येत होता आणि माणूस दिसत नव्हता.' हे तिसरं उत्तर परीक्षणात घ्यायचं.

४. माहिती तपासा. दिग्दर्शक, कलाकार, लेखक, साल. नाव चुकलं की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

५. शेवट फोडू नका. सस्पेन्स सांगितल्याशिवाय मुद्दा पटतच नसेल, तर आधी इशारा द्या.

६. एक दोष लिहा. तोही कारणासह.

७. शेवटी सांगा, हे कोणी बघावं. 'सगळ्यांनी बघावं' असं लिहायचं नाही. 'ज्यांना कोडी आवडतात त्यांनी', 'लहान भावंडांबरोबर बघू नका', असं नेमकं लिहायचं.

टीव्ही मालिकेचं गणित थोडं वेगळं आहे. सिनेमा अडीच-तीन तासांत संपतो, मालिका महिनोन्‌महिने चालते. एका भागावरून निकाल देऊ नये, निदान आठवडाभर बघावी. 'मालिका उगाच वाढवलीय' ही सगळ्यांचीच तक्रार असते. मी मुलांना म्हणतो, मोजून दाखवा. एकच गुपित किती भाग लपवून ठेवलं? अर्ध्या तासात जाहिराती आणि कालच्या भागाची उजळणी वगळून नवीन किती मिनिटं दाखवलं? तारखेसकट आकडे लिहिले की तक्रारीला वजन येतं. गणिताचे सरही खूश होतात!

पुस्तकावरून सिनेमा निघाला असेल तर तुलनेला चांगली संधी. फास्टर फेणे पुस्तकांत शाळकरी मुलगा आहे. २०१७ च्या आदित्य सरपोतदारांच्या सिनेमात तो पुण्यात प्रवेशपरीक्षेसाठी आलेला तरुण झाला, अमेय वाघने ती भूमिका केली. 'पुस्तकासारखं नाही' एवढं म्हणून थांबायचं नाही. वय वाढवल्याने काय मिळालं? संकटं मोठी झाली, गुन्हे गंभीर झाले. काय गेलं? बारा-तेरा वर्षांच्या पोराने मोठ्यांना चकवण्याची गंमत गेली. मिळालं जास्त की गेलं जास्त, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक नमुना

त्या मुलाच्या सिनेमावर मी स्वतः लिहिलेला हा छोटा नमुना वर्गात वाचून दाखवतो :

'महेश कोठारे यांचा "झपाटलेला" (१९९३) हा हसवता हसवता घाबरवणारा सिनेमा आहे. तात्या विंचू नावाच्या गुंडाचा आत्मा मंत्राच्या जोरावर एका बाहुल्यात शिरतो आणि तो बाहुला नेमका भोळ्या लक्ष्याच्या घरी येतो. ही कल्पना "चाइल्ड्स प्ले" (१९८८) या इंग्रजी सिनेमाशी खूपच मिळतीजुळती आहे, तेवढं श्रेय कमी करायला हवं. पण मराठी प्रेक्षकाने बोलक्या बाहुल्या आधीच रंगमंचावर पाहिल्या होत्या, पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावावर प्रेम केलं होतं. त्याच घराण्यातल्या रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला हलवला. ज्या बाहुल्याला बघून हसायची सवय, तोच जीव घ्यायला उठतो, म्हणून ही भीती आपली वाटते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या खरं सांगतो आणि कोणी ऐकत नाही. आपण हसतो, पण त्याची कीवही येते. दोष सांगायचा तर गाणी आली की भीतीचा ताण सैल पडतो. भुताचे सिनेमे बघायचं धाडस नसलेल्यांनी सुरुवात इथून करावी. घरात बाहुली जवळ घेऊन झोपणारं लहान मूल असेल, तर मात्र जरा थांबा.'

यात गोष्ट दोनच वाक्यांत संपली आहे. बाकी सगळं 'का'चं उत्तर आहे. मुलांना विचारा, यातलं मत कुठलं आणि माहिती कुठली? दोन रंगांनी अधोरेखित करायला सांगा. दहा मिनिटांत उत्तम चर्चा होते.

पालकांसाठी दोन शब्द

मुलांनी काय पाहावं ही काळजी बरोबरच आहे. सिनेमाच्या प्रमाणपत्राकडे आधी लक्ष द्या. 'यू' म्हणजे सगळ्यांसाठी, 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. मधल्या 'यूए' गटाचे आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले आहेत, म्हणजे निर्णय घेणं तुम्हाला सोपं जावं. पण परवानगी दिलेला सिनेमा पाहून झाल्यावर 'काय ते फालतू बघतोस' म्हणू नका. जेवताना एवढंच विचारा, "तुला त्यातलं काय आवडलं? आणि ते दुसऱ्या कुठल्या सिनेमात का नाही आवडलं?" उत्तर देताना मूल आपोआप परीक्षण करत असतं. तुम्हाला तोच सिनेमा आवडला नसेल तर तसं सांगा, पण तुम्हालाही 'कारण'चा नियम लागू!

आणि रसग्रहण?

तुम्ही म्हणाल, परीक्षेत सिनेमावर प्रश्न येत नाही. खरंय. पण दहावीला कवितेचं रसग्रहण येतं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे शब्द मुलं पाठ करतात आणि गाईडमधली उत्तरं उतरवतात. हे काय सांगतं, ते कसं पोचवतं आणि त्यासाठी भाषा कशी वापरते, हेच प्रश्न जर आधी आवडत्या सिनेमाला विचारलेले असतील, तर कवितेपुढे मूल बिचकत नाही.

तो मुलगा नववीत माझ्याच वर्गात होता. मी त्याला बोलावून विचारलं, "ती झपाटलेल्याची पानं आहेत का रे?" तो म्हणाला, "फाडली सर. तुम्ही रेघ मारली होती ना." मी त्याची माफी मागितली. मग म्हटलं, "आठवतंय तेवढं वर्गाला सांगशील?" तो फळ्याजवळ उभा राहून वीस मिनिटं बोलला. एरवी तो हजेरीच्या 'उपस्थित'पलीकडे बोलत नसे. दहावीत त्याने रसग्रहणाचं पहिलं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिलं. चुका होत्या, पण त्यातलं एकही वाक्य शेजारच्या वहीत सापडलं नसतं.

पुढच्या आठवड्यात एक तास काढून बघा. विषय मुलांनाच निवडू द्या, आणि पहिल्या वाचनाच्या वेळी लाल पेन कपाटात ठेवा.