वाढलेला खंड, जुनी नोंदवही

पुण्याच्या गुलटेकडीतील मार्केट यार्डात नवे गाळे बांधले गेले, तरी नोंदवहीत त्यांचे क्रमांक चढेपर्यंत तेथे कोणत्याही अडत्याचा माल अधिकृतपणे उतरणार नाही. युनिक्स कुळातील संगणकांवर साठवणीची जागा वाढवतानाही हाच भेद लक्षात ठेवावा लागतो. बाजाराची दैनंदिन आवक नोंदवणाऱ्या एखाद्या सर्व्हरची जागा संपत आली, तर लिनक्सवर ‘एलव्हीएक्स्टेंड’ या आज्ञेने व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांतून जुळवलेला साठवणखंड, मोठा करता येतो. परंतु त्यावरील फाइलसिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कोठे आहे आणि किती जागा मोकळी आहे याचा हिशेब ठेवणारी रचना, जुनीच सीमा धरून बसते आणि ‘डीएफ’ ही आज्ञा पूर्वीचाच आकडा दाखवत राहते. नवख्याची फसगत बहुधा येथेच होते. ही सीमा ‘ईएक्सटी४’मध्ये ‘रिसाइझटूएफएस’ने, तर सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९०च्या दशकात घडवलेल्या ‘एक्सएफएस’मध्ये ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ने वाढवली जाते, आणि सामान्यतः हे काम पहाटेच्या आवकेची नोंद न थांबवता उरकते. जागा घटवणे मात्र जोखमीचे: ‘ईएक्सटी४’ आधी वापरातून काढावी लागते, शिवाय क्रमही उलटतो, फाइलसिस्टिम लहान करण्यापूर्वीच खंड आखडला, तर शेवटच्या भागातील माहिती कापली जाते.