पिक्चर आपल्यापर्यंत आणतो कोण?

ख्रिस्तोफर नोलन म्हटलं की तुम्हाला 'इन्सेप्शन' आठवणार, 'इंटरस्टेलर' आठवणार. पण त्याचा पहिला, अगदी कमी पैशात केलेला कृष्णधवल 'फॉलोइंग' अमेरिकेतल्या थिएटरांत कुणी लावला? झाइटगाइस्ट फिल्म्स नावाच्या न्यूयॉर्कच्या एका छोट्या कंपनीनं. नॅन्सी गर्स्टमन आणि एमिली रूसो या दोघींनी ती १९८८ मध्ये सुरू केली. स्टुडिओ नाही, हिरो नाही. मोजके सिनेमे निवडायचे आणि ते लोकांपर्यंत न्यायचे, एवढंच काम. चैतन्य ताम्हाणेचा आपला मराठी 'कोर्ट' अमेरिकेत नेला तोही त्यांनीच.

आता तुम्ही म्हणाल, मलकापुरात बसून न्यूयॉर्कच्या कंपनीशी आपलं काय देणंघेणं? आहे. कारण हा धंदा कोल्हापूरला नवा नाही.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेली, आणि पैशाची बाजू सांभाळायला सीतारामपंत कुलकर्णी. ही नावं आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. पण एक नाव सहसा कुणी घेत नाही, ते म्हणजे बाबूराव पै. यांची फेमस पिक्चर्स ही वितरण कंपनी होती. प्रभातचे सिनेमे थिएटरांपर्यंत पोचवायचं काम तिच्याकडं होतं. पुढं पै स्वतःच प्रभातचे भागीदार झाले. म्हणजे बघा, सिनेमा बनवणाऱ्यांच्या पंक्तीला सिनेमा विकणारा माणूस जाऊन बसला!

प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला होता. एकाच सेटवर दोन सिनेमे, कारण नुसत्या मराठी मुलखात खर्च निघणं अवघड. त्यामागचा हिशेब वितरणाचाच. आणि आणखी एक गंमत. काम शोधत मुंबईत फिरणारा एक देखणा पोरगा प्रभातच्या मुंबई ऑफिसात जाऊन याच बाबूराव पैंना भेटला. त्यांनी त्याला स्क्रीन टेस्टसाठी पुण्याला धाडलं. १९४६ मध्ये 'हम एक हैं' आला आणि देव आनंद पडद्यावर दिसला. थिएटरवाल्यांशी रोज बोलणाऱ्या माणसाला पब्लिक कुणाला बघायला येईल हे कळत असणार, दुसरं काय!

मग हा वितरक करतो तरी काय? निर्मात्याकडून तो ठरावीक भागाचे हक्क घेतो. त्या भागाला धंद्यात टेरिटरी किंवा सर्किट म्हणतात. हे नकाशे अजून इंग्रजांच्या काळातले आहेत. आपण मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ 'सी.पी. बेरार'मध्ये आणि मराठवाडा चक्क 'निजाम'मध्ये. निजाम गेला, पण बॉक्स ऑफिसच्या हिशेबात अजून आहे! वितरक निर्मात्याला ठरावीक रकमेची हमी देतो, ती एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी. पिक्चर पडला तर नुकसान वितरकाचं. चालला, तर त्याचा खर्च आणि कमिशन वजा होऊन वर उरेल तो ओव्हरफ्लो, त्यात दोघांचा वाटा. थोडक्यात, पहिला जुगार वितरकाचा. तिकीट काढून आपण खेळतो तो दुसरा.

त्यात रिळांचा काळ. एका मिनिटाला नव्वद फूट फिल्म लागायची. अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरहून जास्त! ही रिळं पत्र्याच्या पेट्यांतून गावोगाव फिरायची. प्रिंटा मोजक्या, म्हणून आधी मोठी शहरं, मग तालुके, आणि शेवटी जत्रेतले तंबू. तिथवर येता येता पडद्यावर रेघांचा पाऊस पडायला लागायचा. आपल्याकडच्या या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, तो २०१६ मध्ये कानला गाजला. मिळाला तर नक्की बघा.

पण प्रिंट हातात असली तरी थिएटर मिळेलच असं नाही. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' तयार होता. दादरच्या कोहिनूर थिएटरनं त्याला बाजूला सारलं आणि देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरवलं. हो, तोच देव आनंद. दादा थेट बाळासाहेब ठाकऱ्यांकडं गेले, शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि 'सोंगाड्या' लागला. नंतर जे झालं ते तुमच्या आजोबांना विचारा. मला मात्र यात एक गोष्ट खटकते. पब्लिकला आवडणारा पिक्चर पडद्यावर यायला मोर्चा लागावा, म्हणजे धंद्याची घडीच कुठंतरी चुकलेली.

२००५ च्या सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीजनं सॅटेलाइटवरून थेट थिएटरात सिनेमा पाठवायला सुरुवात केली. संजय गायकवाड हे त्यामागचं मराठी नाव. पेट्या गेल्या, रेघा गेल्या. छोट्या गावातही पहिल्याच शुक्रवारी नवा पिक्चर लागायला लागला. प्रिंटेचा खर्च नाही म्हटल्यावर छोट्या मराठी सिनेमांचे दिवस पालटतील असं वाटलं होतं. पण शो कुणाला द्यायचा हे सॅटेलाइट ठरवत नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा असं सरकारला सांगावं लागलं, यातच सगळं आलं. पुढच्याच वर्षी 'सैराट'नं शंभर कोटींच्या गप्पा खऱ्या केल्या, पण त्याच्यामागं झीसारखी तगडी कंपनी होती. ज्याच्यामागं कुणी नाही त्याला सकाळचा नऊचा शो, आणि सोमवारी तोही गायब. मलकापूरहून कोल्हापूरला एसटीनं जाऊन नऊचा शो गाठायचा तर पहाटेच उठायला पाहिजे!

म्हणूनच कोल्हापुरातली कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी महत्त्वाची वाटते. थिएटरात न टिकलेले सिनेमे तिथं बघायला मिळतात, शिवाय त्यांचा चित्रपट महोत्सवही असतो. पण मलकापुरातही हे जमू शकतं. कॉलेजात हॉल आहे, प्रोजेक्टर आहे. आपण बघू न शकलेला एखादा मराठी सिनेमा ठरवा आणि त्याच्या निर्मात्याला मेल करून विचारा, की आमच्याकडं एक शो लावायचा तर किती पैसे आणि काय अटी? हे पायरसीपेक्षा अवघड आहे, पण वितरण म्हणजे हेच. दोन कागद लागतील, प्राचार्यांची सही आणि निर्मात्याची लेखी परवानगी. दुसरा आधी मिळवा, मग पहिल्यासाठी केबिनमध्ये जा.