वैशाखातली काळी आणि इमारतीचा पाया

भूकंपात माती आणि पाया यांचे काय होते, याचा आढावा जपानमधल्या निगातापासून सुरू करायचा रिवाज आहे. तो भाग उरकतो. १९६४ साली तिथली भिजलेली वाळू पातळ झाली आणि इमारती न मोडता अख्ख्या कलंडल्या. १९८५ साली मेक्सिको सिटीच्या जुन्या तळ्यातल्या गाळाने साडेतीनशे किलोमीटरवरून आलेला धक्का दोन सेकंदांच्या लयीत वाढवला. त्या लयीत सापडलेल्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. २००१ च्या भुजच्या भूकंपात तिथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेलाही असाच फटका बसला. कोयना आणि किल्लारीच्या भूकंपांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुतेक भिंती आणि माळवदांबद्दल.

आता आपल्या काळ्या मातीकडे येतो. नागपुरात वर काळी, खाली मुरूम, मग पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला नाइस. या काळीसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेला अंडर-रीम्ड पाइल मला आजही आपल्या स्थापत्यातला सर्वांत समंजस शोध वाटतो. खाली दांड्याच्या अडीचपट रुंद फुगवटा, लांबी किमान साडेतीन मीटर, म्हणजे ऋतूंची ओल जिथे बदलत नाही तिथे पकड. प्लिंथ बीमखाली ८० मिलिमीटर मोकळी जागा, माती फुगली तरी बीम उचलला जाऊ नये म्हणून.

भूकंपाचा विचार मात्र इथेच अपुरा राहतो. वैशाखात पाइलच्या डोक्याशी उकरून पाहा: माती आक्रसून कडेने सुटलेली असते, फटीत काठी सहज जाते. तेवढ्या लांबीला बाजूचा आधार शून्य. धक्का आला तर पाइल जास्त वाकतो आणि वाकण्याचा जोर खाली सरकतो. श्रावणात तीच माती पाइलला बिलगते, पण मऊ पडलेली असते. एकाच इमारतीचे असे दोन पाये झाले. जबलपूरचा भूकंप २२ मे १९९७ च्या पहाटेचा, ऐन उन्हाळ्यातला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, पावसाळ्याच्या शेवटचा. भूकंप ऋतू पाहून येत नाही.

काही विद्वान सांगतात, मऊ मातीने इमारतीची लय लांबते, बल घटते, म्हणून पाया खडकात रोवलेला धरला तरी चूक सुरक्षित बाजूलाच. मेक्सिकोत लय लांबली तीच घातक ठरली, याचे उत्तर त्यांनी द्यावे. दुसरे म्हणतात, नागपूर कमी धोक्याच्या भूकंप-झोन दोनमध्ये, चिंता कसली? झोनचा आकडा तुमच्या प्लॉटची माती पाहून ठरलेला नसतो. ती माती आयएस १८९३ या भूकंपविषयक संहितेनुसार वेगळी हिशेबात घ्यावी लागते.

पूर्वी इंजिनिअर चाचणी खड्ड्यात उतरून मुरूम तळहातावर चोळून बघत. आता शेजारच्या प्लॉटचा बोअर-अहवाल नाव बदलून जोडलेला मी पाहिला आहे, तोही पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या उंच इमारतीसाठी. हे थांबले पाहिजे. काळीवरच्या प्रत्येक उंच इमारतीचे पाइल उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही स्थितींत आडव्या बलासाठी तपासावेत, आणि तो हिशेब पाहिल्याशिवाय नकाशा मंजूर होऊ नये.