मित्रांशीं बोलण्याचें साधें साधन कसें निवडावें?

मित्राचें पत्र आलें म्हणजे मनुष्याला आनंद होतो. त्याचा आवाज कानीं पडला म्हणजे तो आनंद दुणावतो. आणि त्याचा चेहरा दृष्टीस पडला म्हणजे तर मधल्या शेंकडों मैलांचा विसरच पडतो. आमच्या लहानपणीं यांपैकीं पहिली गोष्ट सुलभ होती, दुसरी खर्चाची होती, आणि तिसरी प्रत्यक्ष भेटीवांचून घडत नसे. आज या तिन्ही गोष्टी खिशांतल्या एका लहानशा यंत्रांत येऊन बसल्या आहेत. परंतु साधनें विपुल झालीं म्हणजे निवडीची अडचण उत्पन्न होते. व्हॉट्सॲप, गूगल मीट, झूम, सिग्नल, फेसटाइम, जित्सी अशीं नांवें कानांवर येतात, आणि कोणतें घ्यावें हें कळेनासें होतें. बहुतेक लोक अशा वेळीं ज्यांत सोयी अधिक तें साधन उत्तम असें समजतात. आम्हीही तसेंच समजलों होतों. त्याची हकीकत प्रथम सांगतों.

आम्हीं पांच मित्रांनीं शिक्षकाच्या शिक्षणाचीं वर्षें एकाच वसतिगृहांत काढलीं. पुढें चाकरीनिमित्त पांच ठिकाणीं पांगलों. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि घरीं बसल्या बसल्या सर्वांना एकमेकांची आठवण येऊं लागली. दर रविवारीं संध्याकाळीं व्हिडिओ कॉलवर भेटावयाचें ठरलें. आमच्यांतील जो या विषयांत सर्वांत जाणता, त्यानें एक ॲप सुचविलें. त्यांत पुष्कळ सोयी होत्या. पण प्रथम खातें उघडावयाचें, मग परवलीचा शब्द ठरवावयाचा, मग दर वेळीं आंकड्यांची एक खूण भरावयाची, असा त्याचा विधि होता. चौघे आंत आलों. पांचवा मित्र एका आडगांवीं शिक्षक. त्याच्या हातांत मुलानें वापरून टाकलेला जुना फोन. पहिल्या रविवारीं त्याचा आवाज आला, चेहरा आला नाहीं. दुसऱ्या रविवारीं चेहरा आला, आवाज आला नाहीं. तिसऱ्या रविवारीं त्यानें संदेश धाडला, “आज रेंज नाहीं.” पुढें प्रत्येक रविवारीं हाच संदेश येत गेला. गांव डोंगराळ, तेव्हां आम्हांलाही तें खरें वाटलें.

त्या पावसाळ्यांत त्याच्या मातोश्री वारल्या. आम्हीं सांत्वनाचे चार शब्द लिहून पाठविले, आणि त्यावरच समाधान मानलें. नाताळच्या सुटींत मला त्याच्या गांवावरून जाण्याचा योग आला. ओसरीवर बसलों असतां सहज माझ्या फोनकडे दृष्टि गेली, तों रेंज उत्तम! मीं त्याच्याकडे पाहिलें. तो कांहीं वेळ गप्प बसला, मग हळूच म्हणाला, “मला तें जमलें नाहीं रे. तुम्ही सगळे थांबून राहतां, आणि मी आपला बटणें शोधीत बसतों. मुलांना शिकविणारा मी. तुम्हांला कसें सांगूं?”

जवळच शेजारची एक मुलगी उभी होती. ती आठवींत शिकत होती. ती म्हणाली, “गुरुजी, तुम्ही आम्हांला ज्याच्यावर अभ्यास पाठवितां, त्याच्यावरूनच कॉल होतो कीं!” तिनें बटण दाखविलें, आणि त्या संध्याकाळीं आम्ही पांचही जण एकत्र बसलों. आठ महिन्यांत प्रथमच त्यानें आपल्या आईच्या शेवटच्या दिवसांची हकीकत सांगितली. दोष त्याचा नव्हता. निवड आमची चुकली होती. मंडळींत ज्याला सर्वांत कमी जमतें, त्याला जें जमेल तें साधन निवडावें, हा धडा त्या दिवशीं मिळाला. पुढील सर्व विवेचन याच एका सूत्राचा विस्तार आहे.

आतां या साधनाचा पूर्वेतिहास थोडक्यांत पाहूं. आवाज तारेनें धाडण्याचें पेटंट ग्रॅहम बेल यांस १८७६ सालीं मिळालें. चेहराही धाडावा ही हौस तेव्हांपासूनचीच. १९६४ सालीं न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीनें ‘पिक्चरफोन’ नांवाचें यंत्र मांडलें, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क, वॉशिंग्टन व शिकागो या शहरांत तशीं सार्वजनिक केंद्रें उघडलीं. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला तीन मिनिटें बोलण्यास १६ डॉलर पडत. एवढी किंमत देऊन कोण बोलणार? तो प्रयत्न फसला. पुढें इंटरनेट आलें. २००३ सालीं ‘स्काइप’ निघालें, आणि थोड्याच वर्षांत परदेशीं गेलेल्या मुलांचे चेहरे घरोघर दिसूं लागले. परंतु तेंच स्काइप ५ मे २०२५ रोजीं बंद करण्यांत आलें. यावरून ध्यानांत घ्यावें कीं, कोणतेंही ॲप चिरंतन नाहीं. मित्रांचे फोन क्रमांक व पत्ते एखाद्या वहींत शाईनें लिहून ठेवणें हें अद्यापि शहाणपणाचें आहे.

हें यंत्र काम कसें करतें, हें समजल्यावांचून त्याचे गुणदोष कळणार नाहींत. फोनचा कॅमेरा एका सेकंदांत अनेक चित्रें टिपतो. तीं सर्व जशींच्या तशीं धाडावयाचीं म्हटलें तर कोणतीही वाहिनी अपुरी पडेल. म्हणून फोन एक युक्ति योजितो. पहिलें चित्र तो पूर्ण धाडतो. पुढें बव्हंशीं मागच्या चित्राहून जो फरक पडला तेवढाच धाडतो. तुमच्या मागची भिंत हलत नाहीं, म्हणून तिच्याविषयीं पुनः पुनः सांगावें लागत नाहीं. ओठ हलतात, त्यांच्यापुरतें सांगावें लागतें. झाडें हलत असलेल्या अंगणांत किंवा धांवत्या मोटारींत बसून बोललें असतां चित्र लवकर फाटतें, याचें एक कारण हेंच. ही सर्व माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून रवाना होते, आणि पलीकडचा फोन तीं पुडकीं उलगडून पुन्हा चेहरा उभा करतो. वाट अरुंद झाली कीं ॲप चित्र धूसर करून आवाज राखण्याचा प्रयत्न करतें. कारण चेहरा पुसट झाला तरी चालतो, शब्द तुटले तर संभाषणच तुटतें.

जाण्यास लागणारा वेळही महत्त्वाचा आहे. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूस पोहोंचण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकीं १५० पर्यंत भाग लागले, तर बोलणें सुरळीत चालतें, असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचें प्रमाण आहे. विलंब फार वाढला कीं दोघेही एकदम बोलूं लागतात, आणि मग दोघेही एकदम थांबतात. अशा वेळीं रागावूं नये. एकानें बोलून संपवावें, दुसऱ्यानें क्षणभर थांबून उत्तर द्यावें.

आतां निवडीच्या कसोट्या सांगतों. पहिली कसोटी ही कीं, तें साधन सर्वांच्या फोनवर आधींच आहे काय? असल्यास नवें शोधण्याचा खटाटोप करूं नये. दुसरी, आंत येण्यास पायऱ्या किती? खातें, परवलीचा शब्द, नवी आवृत्ति, यांपैकीं प्रत्येक पायरीवर एखादा मित्र अडखळून मागें राहतो. तिसरी, निरनिराळ्या जातींच्या फोनवर तें चालतें काय? चौथी, एका वेळीं किती माणसें व किती मिनिटें यांची मर्यादा काय? पांचवी, डेटा किती लागतो? आणि सहावी, आपलें बोलणें आपल्यांतच राहतें काय?

या कसोट्या लावून पाहूं. आपल्याकडे व्हॉट्सॲप बहुतेकांच्या फोनवर असतें. त्याला फोन क्रमांक पुरतो, वेगळा परवलीचा शब्द लागत नाहीं. त्यावर व्हिडिओ कॉल २०१६ सालीं सुरू झाला, आणि २०२२ पासून एका वेळीं ३२ जणांना एकत्र येतां येतें. मित्रमंडळाला याहून अधिक काय पाहिजे? फेसटाइम अत्यंत सोपें आहे. परंतु तें ॲपल कंपनीच्या यंत्रांसाठीं केलेलें. २०२१ पासून इतरांना दुवा पाठवून त्यांत बोलावतां येतें खरें. पण कॉलचा आरंभ ॲपलचें यंत्र असणारानेंच करावा लागतो. गूगल मीट २०२० पासून सर्वांस विनामूल्य मिळूं लागलें. दोघांना त्यावर दीर्घकाळ बोलतां येतें. तिघे किंवा अधिक असल्यास विनामूल्य बैठक एका तासाची. झूमची विनामूल्य बैठक ४० मिनिटांची. वर्ग भरविणें, सभा घेणें यांसाठीं हीं दोन्ही साधनें चांगलीं. परंतु मित्रांच्या गप्पांना घड्याळ लावावें लागतें. जित्सी हें खुल्या पद्धतीनें रचलेलें साधन असून, संगणकावर त्याचा दुवा उघडला कीं पाहुण्याला कांहीं उतरवून घ्यावें लागत नाहीं. मात्र त्याच्या सार्वजनिक संकेतस्थळावर बैठक उघडणारानें २०२३ पासून आपली ओळख द्यावी लागते. सिग्नल ही एका ना-नफा संस्थेची निर्मिति. गुप्ततेच्या बाबतींत तिचा लौकिक मोठा, पण आपल्या मंडळींत तें फार थोड्यांकडे असतें.

मित्र परदेशीं असेल तर आणखी एक चौकशी करावी. संयुक्त अरब अमिरातींच्या सरकारनें इंटरनेटवरील संभाषणावर दीर्घकाळ निर्बंध ठेवलेले आहेत. व्हॉट्सॲपवर संदेश पोहोंचतो, म्हणून कॉलही लागेलच असें नाहीं. दुबईस गेलेला काका फोन उचलीत नाहीं म्हणून रुसण्यापूर्वीं, तेथें कोणत्या साधनाला परवानगी आहे हें त्यालाच विचारावें.

खर्चाचा हिशेब गणिताच्या वर्गांत करण्याजोगा आहे. झूमच्या माहितीप्रमाणें दोघांच्या चांगल्या चित्रासाठीं दर सेकंदास जातांना ६०० व येतांना ६०० किलोबिट लागतात. मिळून १,२०० झाले. त्यांस ३,६०० सेकंदांनीं गुणून ८ नीं भागिलें असतां तासाला सुमारें ५४० एमबी होतात. म्हणजे दिवसाच्या दीड जीबीचा पॅक तीन तासही पुरत नाहीं. नुसत्या आवाजास याच्या दशांशाच्या आसपास लागतें. म्हणून प्रथम पांच मिनिटें चेहरे पाहावे, आणि मग कॅमेरा बंद करून खुशाल बोलत बसावें. गरीब मित्राचा पॅक आपल्या हौसेपायीं संपूं नये, ही जाणीव ठेवणें यांतच मैत्रीची परीक्षा आहे.

गुप्ततेविषयीं एक दृष्टांत देतों. पत्र पेटींत घालून तुम्हीं कुलूप लाविलें, आणि किल्ली केवळ मित्रापाशींच असली, तर वाटेंतील टपालवाल्याला तें वाचतां येत नाहीं. याला टोकापासून टोकापर्यंतचें कुलूप म्हणावें. व्हॉट्सॲप, सिग्नल व फेसटाइम यांवरील संभाषणास असें कुलूप असतें. झूममध्यें तें २०२० च्या अखेरीस आलें, पण बैठक भरविणारानें तें स्वतः लावावें लागतें. मात्र हें कुलूप वाटेपुरतेंच आहे. पलीकडे बसलेला मनुष्य तुमचें चित्र टिपूं शकतो, त्याला कोणतेंही कुलूप अडवीत नाहीं. म्हणून जें चारचौघांत करणार नाहीं तें कॅमेऱ्यापुढेंही करूं नये.

अनोळखी क्रमांकावरून व्हिडिओ कॉल आला तर उचलूं नये. पोलिसी गणवेश घालून “तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे” असें सांगणारे ठक अनेक कुटुंबांना लुबाडून गेले आहेत. अशी अटक आपल्या कायद्यांत नाहीं. भिऊन एकट्यानें सोसत बसूं नये. वडीलधाऱ्यांस सांगावें, आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. बैठकीचा दुवा उघड्या गटांत टाकूं नये. तसेंच व्हॉट्सॲपनें आपल्या नियमांत किमान वय १३ वर्षें ठेविलें आहे. त्याहून लहान असणारांनीं आईबापांच्या फोनवरून, त्यांच्या समक्ष बोलावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हीं ही शाळा सोडाल तेव्हां एका बांकावर बसणारे मित्र दहा गांवीं पांगतील. कोणाला नवा फोन मिळेल, कोणाला जुना. कोणी शहरांत राहील, कोणी डोंगरांत. त्यांतला एखादा एकाएकीं येईनासा झाला, आणि दर वेळीं “रेंज नाहीं” असें लिहूं लागला, तर त्यावर लागलीच विश्वास ठेवूं नका. साध्या फोनवर त्याचा क्रमांक लावा, आणि त्याला कोणत्या मार्गानें येणें सोपें पडेल तें विचारा. मग तोच मार्ग सर्वांनीं धरा. आमचा तो मित्र आजही दर रविवारीं येतो, आणि अलीकडे तर सर्वांच्या आधीं येऊन आमची वाट पाहत बसतो.